दारातली आक्का

आक्का, तुझ्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर मंडपात मी तुझ्याबद्दल बोललो. चांगलं बोललो म्हणे. जन्मभर मास्तरकी केलेली, हातात माइक आला की मला वाक्यं सुचतात. मी म्हणालो, "माझी बहीण भूकंपातून वाचली असं आपण समजत होतो. पण ती त्याच पहाटे गेली होती. भूकंपानं तिला आतून मोडलं होतं. पुढची सगळी वर्षं आम्ही फक्त तिचं शरीर सांभाळलं." पुढं बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गल्लीतल्या वकिलांनी नंतर माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, सर, काय बोललात. गावातल्या पेपरात दोन ओळी छापून आल्या, त्यांतही भूकंप होता.

त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. आणि ते बोलताना मला माहीत होतं.

मंडप सोडत होते तेव्हा सुशीला माझ्याकडं आली. तुझी एकुलती लेक, आता तीही साठीला टेकली. रडून रडून आवाज बसला होता. म्हणाली, "मामा, एक विचारू? आईला माझ्याकडं राहावं असं कधी वाटलंच नाही का हो?"

मी तिथंही सावरून घेतलं. म्हणालो, "जुनं माणूस गं ते. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, असं मानणारं." तिनं मान हलवली, डोळे पुसले आणि संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला निघून गेली. जाताना माझ्या पाया पडली. त्या क्षणापासून मला स्वस्थता नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बापू, मी मेल्यावर तरी माझ्या तोंडचं तू बोलू नको." म्हणून आता तुझ्याशीच बोलतो, आणि त्या मंडपातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो.

आधी भूकंपाचं सांगतो. त्या सकाळी लातुरातून मिळेल त्या ट्रकनं आणि पुढं चालत मी तुझ्या गावाकडं आलो, तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. भाऊजी गेल्याचं मला वाटेतच कळलं होतं. तू कशी सापडशील याची भीती होती. तू सापडलीस ती गावाबाहेरच्या रानात, तीन दगडांवर मोठं पातेलं चढवून त्यात कुणाच्या तरी घरातून निघालेले तांदूळ शिजवताना. अंगभर पांढरी माती. मला बघितलंस आणि म्हणालीस, "रडायचं हाय रे बापू. पण आधी ह्या लेकरांच्या पोटात काही जाऊ दे." आणि मग दुपारी तू रडलीस. सगळं रान ऐकेल असं रडलीस. नंतरही कितीतरी महिने भाऊजींचं नाव निघालं की रडायचीस, कुणाची लाज न बाळगता. आता मला वाटतं, जे रडायचं होतं ते तू तिथंच रडून घेतलंस.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतीस तेव्हा मदत म्हणून कपड्यांचे गठ्ठे यायचे. त्यातून तुला कुठल्या तरी थंड देशातला लोकरीचा मोठा कोट मिळाला. तो घालून तू म्हशीची धार काढायला बसायचीस, आणि कुणी हसलं की म्हणायचीस, "म्हशीला सुद्धा कळू द्या, आता सायबीण आलीय." पुढं नवं गाव वसलं, तुला ओळीतलं घर मिळालं. मी आलो की तुझी एकच तक्रार, "हितं हवा लई हाय. तव्यावरची चपाती उडून शेजारणीच्या दारात पडती." मोडलेली बाई अशी बोलत नाही. तू दोनदा दूध घालून चहा करायचीस, गावभरच्या भांडणात न्याय द्यायचीस आणि ग्रामसेवकाला धारेवर धरायचीस. तुला तिथून मी उचलून आणलं.

का आणलं, तेही सांगतो. सगळ्यांना मी सांगितलं की एकटी बहीण, तिचं कोण आहे? पण खरं कारण वेगळं होतं. तोवर लातुरात शिकवण्यांचा बाजार भरात आला होता. मराठवाड्यातून, पलीकडच्या जिल्ह्यांतून आईबाप पोरांना घेऊन येत होते. मी शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीच घरावर मजला चढवला आणि मुलींना ठेवायला सुरुवात केली. खोल्या चांगल्या होत्या, पाणी होतं. तरी माझ्या खोल्या रिकाम्या राहायच्या. एकदा लांबच्या खेड्यातले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. खोलीत त्यांनी डोकावलंसुद्धा नाही. माझ्या अंगणात उभं राहून विचारलं, "घरात म्हातारं माणूस कोण हाय?" मी म्हणालो, मी आहे की. ते म्हणाले, "तसं नव्हं गुरुजी. बाईमाणूस." आणि शेजारच्या घरी गेले. तिथं ओट्यावर एक आजीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मुलगी तिथं राहिली.

त्याच आठवड्यात मी तुला आणायला नव्या गावात आलो होतो, आक्का.

पुढच्या खोलीत, दाराला लागून तुझी खाट टाकली. फाटकातून आत येणाऱ्या माणसाला पहिली तू दिसली पाहिजेस, असा मी हिशेब केला होता. पाटी रंगवली, 'आक्कांचं वसतिगृह'. पुढच्या हंगामात एकही खोली रिकामी राहिली नाही. आईबाप यायचे, तुला नमस्कार करायचे, तू त्यांच्या लेकीच्या हाताला धरून खाटेवर बसवायचीस, आणि ते मनातलं ओझं उतरल्यासारखे परत जायचे. इथल्या लोकांना भिंतीपेक्षा दारात बसलेल्या म्हातारीचा भरवसा जास्त वाटतो. मी तो भरवसा भाड्यानं दिला.

सुरुवातीची वर्षं चांगली होती, तेही खोटं नाही. मुलींची नावं तुझ्या लक्षात राहायची नाहीत म्हणून तू त्यांना गावांच्या नावानं हाका मारायचीस. "ए भोकर, केस वाळव, सर्दी हुईल." "नायगाव कुठं गेली गं, तिचा बाप फोनवर ओरडायलाय." माहूरची एक बारीकशी मुलगी आईच्या आठवणीनं रडायची, तिला तू म्हणालीस, "अगं रेणुकामायच्या गावची तू, अन् अशी मुळुमुळु?" मुली फिदीफिदी हसायच्या. संध्याकाळी तुझ्या खाटेभोवती जागा मिळायची नाही.

मग लोडशेडिंग आलं. लातूरकरांना त्या उन्हाळ्यांचं वेगळं काही सांगायला नको. परीक्षा तोंडावर आणि दिवसा-रात्री लाईट नाही. आईबापांचे फोन यायचे, सर, दिव्याचं काय? गल्लीत घराघराला डिझेलचे जनरेटर बसले. मीही आणला. ठेवायचा कुठं? वायरमन म्हणाला, मागच्या बोळात ठेवू, घरात धूर यायचा नाही. पण मागच्या बोळावर मुलींच्या अभ्यासाच्या खोल्या होत्या. आवाज आणि धूर आला की तक्रारी आल्या असत्या. मी म्हणालो, "पुढंच ठेव. खाटेच्या बाजूच्या खिडकीखाली. आक्काला कुठं अभ्यास करायचाय?"

तू ऐकलंस. आणि हसलीस. "खरंच की. माझी कंची परीक्षा ऱ्हायलीय?"

तुझ्या त्या हसण्याचा मी किती वर्षं फायदा घेतला.

जनरेटर सुरू झाला की निळसर धूर खिडकीतून सरळ तुझ्या उशाशी यायचा. समोरचा रस्ता तोवर शिकवणीचा रस्ता झाला होता. रिक्षा, बस, मोटारसायकली, आणि रस्ता कायम कशासाठी तरी खणलेला. त्यामुळं लाईट आली तरी धूर-धूळ थांबायची नाही. मालती, माझी बायको, तुझ्या खाटेच्या कठड्यावरून सकाळी फडकं फिरवायची आणि दुपारी पुन्हा फिरवायची. एकदा ते फडकं माझ्यासमोर धरून तिनं विचारलं, "हे असं जर लाकडावर बसतंय, तर वन्संच्या आत किती जात असेल?" मी म्हणालो, अख्ख्या लातुरावर बसतंय.

तू खाट हलवायला सांगितलंस. एकदा नाही, बऱ्याचदा. आपलं ते भांडण कधी मिटलंच नाही. "बापू, मला मागं टाक. नाहीतर माडीवर. हितं जीव घाबरतोय." मी म्हणायचो, माडीवर तुला चढवत नाही. मागं खोली रिकामी नाही. या महिन्यात प्रवेश आहेत, लोक येतात, जरा दम धर. प्रवेश झाले की परीक्षा असायच्या. परीक्षा झाल्या की पुन्हा प्रवेश. मग तू सांगायचं सोडलंस. मला वाटलं, सवय झाली.

सवय कसली? तू हळूहळू विझत होतीस. आधी खोकला लागला, त्याला आम्ही काढा दिला. पण खोकल्यापेक्षा दुसरंच काही होत होतं. तू वेणी घालायचं सोडलंस. मालतीच्या भाजीला नावं ठेवायचं सोडलंस, आणि हे तर आमच्या घरात अशुभच होतं. दिवसा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचीस. मुलींना हाक मारेनाशी झालीस. एक दिवस माहूरची ती मुलगी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, आज्जीला मी सकाळपास्नं तीनदा विचारलं, मी कोण? त्या म्हणाल्या, कुणी का असंना." मी तिला म्हणालो, तू अभ्यास कर.

कधी विचारलं तर तू एवढंच सांगायचीस, "काई नको वाटतंय." जेवण नको, माणूस नको, बोलणं नको. "उठू वाटत न्हाई बापू. उठून काय करायचंय?" आणि लोक विचारायचे तेव्हा माझ्याकडं उत्तर तयार होतं. भूकंपातली आहे. हे दोन शब्द म्हटले की लातुरात पुढं कुणी विचारत नाही. समोरचा माणूस मान खाली घालतो. आपल्या भागात म्हातारं माणूस गप्प झालं, रडलं, जेवेना झालं, की आम्ही सगळे तेच म्हणतो. माझ्या तर तोंडात ते बसलंच होतं. शेजाऱ्यांना सांगितलं, मुलींच्या आईबापांना सांगितलं. त्यांनाही तू आणखीच पूज्य वाटायला लागलीस.

मग डॉक्टरांकडं नेलं. ते दृश्य मला रोज दिसतं. डॉक्टर भले होते. त्यांनी तुझी छाती तपासली, झोपेचं, भुकेचं विचारलं. म्हणाले, हे नैराश्य वाटतंय, या वयात होतं, औषध आहे. मग त्यांनी तुझ्याकडं बघून विचारलं, "आजी, तुम्ही दिवसभर असता कुठं? जवळ धूर, जनरेटर, भट्टी असं काही?"

तू माझ्याकडं बघितलंस. उत्तर द्यायला तोंड उघडलंस. आणि मी मध्ये बोललो. "नाही नाही डॉक्टर, तसं काही नाही. भूकंपातली आहे ती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अरे रे," म्हणाले, आणि दुसरं काही विचारलं नाही. गोळ्या लिहून दिल्या. तू तोंड मिटलंस. रिक्षात बसल्यावर मात्र हळूच म्हणालीस, "भूकंप हून गेला की रे. त्यो काय रोज यायलाय?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्या उन्हाळ्यात सुशीला तुला नांदेडला घेऊन गेली. आठ दिवसांसाठी म्हणून गेलीस आणि महिनाभर राहिलीस. सुशीलेचं घर गावाच्या कडेच्या वसाहतीत, पुढं मोकळी जागा, मागं शेत. मी तुला आणायला गेलो तेव्हा फाटकाशी थांबलो, कारण तुझा आवाज ऐकू येत होता. वर गच्चीवर तू कुणाला तरी दटावत होतीस, "अगं कुरडया अशा घालतेत का? ही काय जिलेबी हाय?" आणि वर सगळ्या बायका हसत होत्या. तुझा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. मग तू कठड्यावरून खाली बघितलंस, मी दिसलो, आणि तुझं हसणं थांबलं. आक्का, आयुष्यात मला खूप जणांनी नापसंतीनं बघितलं असेल. पण माझ्या बहिणीचं तोंड मला बघून असं उतरावं, हे मी त्या एका दिवशी बघितलं.

दुपारी तू मला बाजूला घेतलंस. माझ्या मनगटाला धरून म्हणालीस, "बापू, मी हितंच ऱ्हाते रे. हितं मला बरं वाटतंय. भूक लागती."

तिकडं सुशीलेनंही मला स्वयंपाकघरात तेच म्हटलं होतं, आईला इथंच राहू द्या मामा.

दोघींचं एकमत होतं. तुम्ही दोघी फक्त एकमेकींशी उघड बोलला नव्हतात, मला विचारत होतात, कारण मी घरातला मोठा पुरुष. मी दोघींना वेगवेगळं सांगितलं. तुला म्हणालो, "आक्का, जावई बोलून दाखवणार नाहीत, पण त्यांना अवघड होतंय. लेकीच्या दारात महिना म्हणजे खूप झालं." आणि सुशीलेला म्हणालो, "आईचं मन इथं लागत नाही गं. लेकीच्या घरी राहणं तिला पटत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून ती सांगत नाही." जुनी रीत होती, दोघींना खरी वाटली. तू लगेच पिशवी भरलीस. म्हणालीस, "जावयाला तरास नको. चल." सुशीला दारात उभी राहून रडली. तिला वाटलं, आईनं भावाचं घर निवडलं.

प्रवेशाचा हंगाम यायचा होता. दारातली खाट रिकामी होती. एवढंच कारण होतं. मला त्याला दुसरं नाव देता येत नाही, खूप शोधलं.

पुढं लाईट सुधारली, जनरेटर भंगारात गेला. पण रस्ता दुप्पट रुंद झाला आणि चौपट भरला, आणि तुझी खाट तिथंच राहिली. तू आता भिंतीकडं तोंड करून बसायला शिकली होतीस. आलेल्या लोकांना तुझी पाठ दिसायची. तरी ते नमस्कार करायचे.

मग लॉकडाऊन लागला. मुली आपापल्या गावी गेल्या, शिकवण्या बंद झाल्या, रस्ता सुना पडला. सगळे घाबरलेले होते, आणि त्या दिवसांत तू परत आलीस. हळूहळू. पहिल्यांदा खाटेवर तोंड फिरवून रस्त्याकडं बसलीस. मग मालतीला म्हणालीस, "ठेच्यात शेंगदाणे लई घातलेस." मालती माझ्याकडं धावत आली, डोळ्यांत पाणी, म्हणाली, वन्संनी नावं ठेवली. तू मला जवळ बसवून भाऊजींच्या गोष्टी सांगितल्यास. हसत सांगितल्यास. त्यांना पोहता येत नव्हतं आणि ते सगळ्या गावाला पोहायला शिकवायचे, ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. आपण दोघं एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो लहानपणीसुद्धा. ते दिवस मला दिलेस, यासाठी तुझे उपकार मानतो. मी त्यांच्या लायकीचा नव्हतो.

तेव्हा मला कळलं. तीच खाट, तेच दार, तीच तू. बदलली होती ती फक्त समोरची हवा. तुला भूकंप आठवत होताच, आणि तरी तू हसत होतीस.

एक दिवस म्हणालीस, "गाड्या सुरू झाल्या की मला सुशीकडं सोडशील?" मी म्हणालो, सोडतो. अगदी मनापासून म्हणालो. गाड्या सुरू झाल्या. पाठोपाठ मुली आल्या, आईबाप आले. माझा मुलगा म्हणाला, बाबा, एवढा हंगाम होऊ द्या, दोन वर्षांनी घर भरतंय. मी होऊ दिला. तू पुन्हा विचारलं नाहीस. पावसाळा संपेपर्यंत तू भिंतीकडं वळली होतीस.

शेवटच्या आजारात सुशीलेनंच तुला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. या वेळी तिनं मला विचारलं नाही. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला बाहेर थांबवून विचारलं, इतकी वर्षं या कुठं राहत होत्या? सुशीला औषधं आणायला खाली गेली होती. तिच्यासमोर बोललो असतो की नाही, माहीत नाही. पण त्या बाईंना मी खरं सांगितलं. दार, जनरेटर, रस्ता, सगळं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांना वर्षानुवर्षं धुराच्या हवेत ठेवलं तर नुसती छाती जात नाही, मनही खचतं, असं आता दिसून येतंय. तुमच्या बहिणीचं त्यानंच झालं, असं बोट ठेवून मी म्हणणार नाही. माणसाच्या मनाला अनेक गोष्टी लागतात. पण तुम्ही लक्षात घ्या.

मीही बोट ठेवून म्हणत नाही. धुरानं किती, एकटेपणानं किती, आणि माझ्यावरचा तुझा विश्वास उडाला त्यानं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण यातलं भूकंपानं काय केलं, याचं उत्तर मला येतं. फार थोडं. आणि हे ऐकल्यानंतर, तू गेल्यानंतर, तेराव्या दिवशी मी माइक हातात घेतला आणि भूकंपच सांगितला.

तू गेल्यापासून दिवसा मी तुझ्या खाटेवर बसतो. दुपारपर्यंत डोकं जड होतं, संध्याकाळी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. मुलगा पाहुण्यांना सांगतो, बाबांनी आत्याचं फार मनाला लावून घेतलंय. बघ, माझ्यासाठीही कारण तयार आहे.

मागच्या आठवड्यात नांदेडला गेलो. सुशीला शाळेत शिकवून येऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानंच सांगितलं. "आईचं मन इथं लागत नाही असं मी तुला सांगितलं, जावयांना अवघड होतंय असं आईला सांगितलं, दोन्ही खोटं होतं." तिचे हात थांबले.

"यांना अवघड होतंय म्हणालात?" ती म्हणाली. "यांनी आईसाठी मागची खोली रंगवून घेतली होती, मामा."

तिनं ढिगातला टॉवेल उचलला, पण घडी घातली नाही.

"आई काय म्हणाली होती? तुम्ही खोटं सांगायच्या आधी?"

"इथं राहायचं म्हणाली होती."

"तसं नाही. तिच्या बोलीत सांगा. जसं म्हणाली तसं."

मी सांगितलं. तुझ्या आवाजात सांगणं मला जमलं नाही, पण शब्द तेच सांगितले. मी हितंच ऱ्हाते रे. हितं मला बरं वाटतंय. भूक लागती. सुशीलेनं ते परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. मग तिनं हातातला टॉवेल तोंडाशी घट्ट धरला. मला वाटलं, आता ती मला बोलेल. तिनं फक्त म्हटलं, "मामा, तुम्ही आता जा. मला तुमच्याकडं बघवेना." तिनं मला पाणी विचारलं नाही, ते बरोबरच होतं. मी फाटकापर्यंत गेलो तेव्हा आतून म्हणाली, "तेराव्याला चारचौघांत बोललात ना? हेही चारचौघांतच बोला."

म्हणून हे लिहिलं, आक्का. तुझी क्षमा मागायला नाही, ती मागायची जागा मी रिक्षात तुझं बोलणं ऐकू न आल्यासारखं केलं तेव्हाच घालवली. सुशीलेनं सांगितलं म्हणून लिहिलं.

काल जावयांचा फोन आला. ते मला काही लागेल असं बोलले नाहीत, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणाले, "मामा, तुमच्या कानावर घालतो. ही भेटेल त्याला एकच सांगून राहिली. शेजारी, शाळेत, दुकानात. माझ्या आईला माझ्याकडं राहायचं होतं म्हणून. मग तुमचंही सांगते, सगळं. मी म्हटलं जरा सबुरीनं, तर ऐकत नाही."

मी म्हणालो, अडवू नका. सांगू द्या तिला.